फलटणच्या लेकी आणि कुमारांची ऐतिहासिक कादंबरी

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या साहित्याला मराठीत कुमारसाहित्य म्हणतात, आणि त्यातील ऐतिहासिक कादंबरीत घडून गेलेल्या काळाची चौकट खरी असली, तरी त्या चौकटीत वावरणाऱ्या माणसांची बोलणी, त्यांच्या मनातील खळबळ आणि त्यांच्या दिवसाचे बारीकसारीक व्यवहार लेखकाला आपल्या कल्पनेने भरावे लागतात. मध्ययुगीन राजघराण्यांकडे हा प्रकार जगभर पुन्हापुन्हा वळत आला आहे. भारताच्या इतिहासलेखनात सल्तनतींच्या उदयापासून मुघल सत्तेच्या उतरणीपर्यंतचा काळ ढोबळमानाने मध्ययुगात मोडतो, म्हणजे शिवकालाचे सतरावे शतकही त्यातच येते. त्या काळी सरदाराच्या किंवा राजाच्या घरात जन्मलेल्या मुलाला बालपण फार थोडे मिळे. आठव्या वर्षी ओलीस, दहाव्या वर्षी बोहल्यावर, सोळाव्या वर्षी गादीवर, असा क्रम अनेकांच्या वाट्याला आला. आजच्या चौदा वर्षांच्या वाचकाला अशा पुस्तकात आपल्याच वयाचे माणूस भेटते, आणि राज्याचे मोठे निर्णय त्याच्या आयुष्यावर येऊन आदळताना दिसतात. या साहित्यप्रकाराचे खरे बळ येथे आहे, आणि ते ओळखण्यासाठी सातारा जिल्ह्यातील फलटणएवढे योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

नीरेला मिळणाऱ्या बाणगंगेच्या काठी वसलेले फलटण आज अनेकांना ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम, महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र, राजवाडा आणि त्याला लागून असलेले राममंदिर यांमुळे परिचित आहे. येथील नाईक निंबाळकर घराण्याचे आडनाव जवळच्या निंबळक गावावरून आले, आणि धारच्या परमारांपासून आपला वंश निघाला असे त्यांची कुलपरंपरा सांगते. सतराव्या शतकात हे घराणे फलटण परगण्याचे देशमुख होते. देशमुख म्हणजे अनेक गावांच्या परगण्यातून महसूल गोळा करून तो सरकारात पोहोचवणारा, त्याबद्दल ठरलेला हक्क घेणारा आणि गरज पडेल तेव्हा आपल्या शिबंदीसह, म्हणजे पदरच्या सैनिकांसह, चाकरीला उभा राहणारा वंशपरंपरागत अधिकारी होय. या वंशपरंपरागत हक्काला वतन म्हणत. काटेकोर अर्थाने पाहता निंबाळकर त्या काळी स्वतंत्र राजे नव्हते, विजापूरच्या आदिलशाहीचे ते मातब्बर सरदार होते. मात्र आपल्या मुलखात त्यांचा शब्द राजासारखाच चाले, आणि पुढे ब्रिटिश अमदानीत फलटण हे संस्थान म्हणून १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकले.

या घराण्याचे भोसल्यांशी असलेले नाते लेकीसुनांनी विणलेले आहे. शहाजीराजांच्या मातोश्री, म्हणजे मालोजी भोसले यांच्या पत्नी उमाबाई, ज्यांचा उल्लेख दीपाबाई असाही होतो, फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या होत्या. पुढे मुधोजी नाईक निंबाळकरांची मुलगी सईबाई शिवाजी महाराजांची पहिली पत्नी झाली, आणि सईबाईंची थोरली मुलगी सखूबाई पुन्हा त्याच निंबाळकरांच्या घरात, सईबाईंचे बंधू बजाजी नाईक यांच्या महादजी नावाच्या मुलाला दिली गेली. एका घरातून दुसऱ्या घरात आणि परत, असा लेकींचा हा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालला. तहनामे बदलत, चाकऱ्या बदलत, सुलतानही बदलत. सोयरीक मात्र मोडता येत नसे, म्हणून राजकारणी माणसे तिच्यावर अधिक भरवसा ठेवत. त्या भरवशाचा भार ज्यांच्या अंगावर पडे त्या सात-आठ वर्षांच्या मुली होत्या, हे मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या वंशावळीच्या रेघेपलीकडे कधी उमटत नाही.

सईबाई आणि शिवाजी महाराज यांचा विवाह १६ मे १६४० रोजी पुण्याच्या लाल महालात झाला असे मानले जाते, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही महाराजांची जन्मतारीख धरली तर वर त्या दिवशी अवघा दहा वर्षांचा होता. वधू त्याहूनही लहान होती. निजामशाहीचा शेवट १६३६ मध्ये झाल्यानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले होते आणि कर्नाटकाच्या मोहिमांत गुंतले होते, पुण्याची जहागीर जिजाबाईंच्या देखरेखीखाली नव्याने उभी राहत होती, आणि शेजारच्या मुलखातील एका बलाढ्य देशमुख घराण्याशी असलेले जुने नाते नव्याने बांधून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे होते. त्या काळात एवढ्या लहान वयातील विवाह हा दोन घरांमधील करार असे आणि प्रत्यक्ष संसार काही वर्षांनी सुरू होई, ही गोष्ट कुमारवाचकाला सांगणे आवश्यक आहे. मात्र ती सांगताना त्या प्रथेला सोनेरी मुलामा चढवणे जितके चुकीचे, तितकेच त्या मुलीला आजच्या शाळकरी मुलीचे विचार आणि बंडखोरी देणेही चुकीचे ठरते. माहेर सुटल्याचे दुःख कोणत्याही शतकात खरेच असते. त्या दुःखाला तिच्या काळातले शब्द, तिच्या काळातली व्रते, तिच्या काळातल्या सासूचा धाक आणि माया मिळाली पाहिजे, आणि येथेच लेखकाचा कस लागतो.

इंग्रजीतील कुमारसाहित्याने हा प्रश्न अनेकदा हाताळला आहे. अमेरिकी लेखिका करेन कुशमन यांची ‘कॅथरीन, कॉल्ड बर्डी’ ही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी तेराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमधील एका लहानशा जहागीरदाराच्या मुलीची रोजनिशी म्हणून लिहिलेली आहे. वडील तिला श्रीमंत वराला देऊ पाहतात आणि ती एकेका वराला युक्तीने पळवून लावते. बर्डी राजकन्या नाही, तरी तिचा पेच फलटणच्या मुलींच्या पेचाचाच सख्खा भाऊ आहे. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत ‘रॉयल डायरीज’ नावाची एक पुस्तकमाला निघाली, जिच्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्यांच्या कल्पित रोजनिश्या होत्या, आणि कॅथरिन लास्की यांनी त्या मालेत शाहजहानची मुलगी जहांआरा हिच्यावर लिहिलेले, १६२७ च्या हिंदुस्थानात घडणारे पुस्तक २००२ मध्ये आले. शाहजहानच्या लेकीला अमेरिकेतील शाळकरी मुलींच्या दप्तरात जागा मिळाली ही आनंदाची बाब आहे, आणि तिच्या समकालीन असलेल्या दख्खनच्या मुलींनाही मराठी मुलांच्या दप्तरात तशीच ऐसपैस जागा मिळावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची परंपरा तशी जुनी आणि भरघोस आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये आली आणि ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्यांनी, पुढे नाथमाधवांच्या स्वराज्यावरील कादंबरीमालेने आणि त्यानंतर गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांनी पिढ्यांमागून पिढ्या घडवल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ तसेच शिवाजी सावंत यांची ‘छावा’ ही पुस्तके घरोघरी पोहोचली. यांतील बहुतेक पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली होती, तरी त्यांचा मोठा वाचकवर्ग शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलामुलींचा राहिला. मराठी कुमारांना इतिहासाची गोडी लावण्याचे काम मुख्यतः प्रौढांच्या कादंबऱ्यांनीच केले. त्याचा लाभ असा झाला की मुलांना पातळ केलेले काही वाचावे लागले नाही, आणि तोटा असा की त्यांच्या स्वतःच्या वयाच्या डोळ्यांनी पाहिलेला इतिहास त्यांच्या वाट्याला कमी आला. खास मुलांसाठी जे लिहिले गेले त्याचा ओढा गड, घोडदौड आणि लढाई यांच्याकडे अधिक होता. गडाच्या पायथ्याशी, वाड्याच्या माजघरात आणि लग्नाच्या मांडवात जो इतिहास घडत होता तो मागे पडला. ‘स्वामी’ ही कादंबरी या बाबतीत वेगळी ठरते, कारण वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेले माधवराव आणि त्यांची तरुण पत्नी रमाबाई यांचे सहजीवन तिच्या गाभ्याशी आहे, आणि तरुण वाचकांनी तिच्यावर एवढे प्रेम केले त्यामागे हेही एक मोठे कारण असले पाहिजे.

‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना जोडलेली आहे, आणि शिवचरित्राकडे चमत्कार बाजूला ठेवून, काळ आणि समाज यांच्या चौकटीत कसे पाहावे याचा तो एक महत्त्वाचा विचार आहे. कुमारांसाठी लिहिणाऱ्याला या दृष्टीची गरज प्रौढांसाठी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त असते, कारण प्रौढ वाचक बखर आणि कादंबरी यांतील अंतर बहुधा जाणतो, तर बारा वर्षांचे मूल कादंबरीत वाचलेला संवाद इतिहास म्हणून आयुष्यभर जपून ठेवते. बखर म्हणजे एखाद्या राजाची किंवा प्रसंगाची हकीकत नंतरच्या काळात सलग गोष्टीच्या रूपाने सांगणारे गद्य लेखन, उदाहरणार्थ शिवाजी महाराजांच्या पश्चात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेली बखर. शकावली म्हणजे वर्ष आणि तिथी यांच्या क्रमाने केलेल्या त्रोटक नोंदी. आणि महजर म्हणजे गावसभेपुढे झालेल्या निवाड्याचा लेखी कागद. या तिन्ही साधनांत माणसांच्या नावांची, जमिनींची आणि लढायांची गर्दी असते, मुलींच्या मनाला मात्र तेथे ओळही मिळत नाही. कादंबरीकाराचे क्षेत्र नेमके तेथून सुरू होते. ज्या तारखा ठाऊक आहेत त्या त्याने हलवू नयेत, आणि ज्या ठिकाणी कागद गप्प आहेत तेथे त्या काळाला शोभेल एवढेच बोलावे, हा नियम पाळला तर कल्पनेला पुरेसे मोकळे रान उरते.

फलटणच्या घराण्यातील सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत मोलाची व्यक्तिरेखा सईबाईंचे बंधू बजाजी नाईक यांची आहे. एकीकडे बहीण स्वराज्य उभारणाऱ्या तरुण राजाच्या घरात आणि दुसरीकडे आपले वतन विजापूरच्या कृपेवर अवलंबून, अशा कात्रीत या माणसाचे आयुष्य गेले. विजापूरच्या दरबारात बजाजींना धर्मांतर करावे लागले आणि पुढे जिजाबाईंच्या पुढाकाराने त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले, ही हकीकत परंपरेने चालत आली आहे. या समारंभाचे स्थळ म्हणून फलटणजवळच्या शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचे नाव घेतले जाते, आणि परत घेतलेल्या माणसाशी समाजाने रोटीबेटीचा व्यवहार करावा म्हणून महाराजांनी आपली मुलगी सखूबाई त्यांच्या मुलाला दिली असेही सांगितले जाते. ही गोष्ट कुमारांपुढे मांडताना दोन धर्मांतील वैराचा देखावा उभा करणे फार सोपे आहे, आणि तो मोह टाळलाच पाहिजे. तिच्यातील खरे नाट्य माणसाला घालवणे सोपे आणि परत घेणे कठीण, या समाजाच्या स्वभावात आहे. पंगतीत आपल्या शेजारी कोण बसेल, आपल्या मुलाला मुलगी कोण देईल, या भीतीत जगणारा एक बाप आणि त्या भीतीचे उत्तर म्हणून बोहल्यावर उभी केलेली एक लहान मुलगी, एवढ्या दोन माणसांवर एक संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते, आणि शाळेच्या वर्गात एकटे पाडले जाण्याचा अनुभव असलेल्या मुलाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

या घराण्यासाठी १६५९ हे वर्ष विलक्षण कठीण ठरले. अफजलखान मोठी फौज घेऊन वाईच्या दिशेने येत असताना त्याने बजाजींना कैद केले, आणि नाईकजी पांढरे या सरदाराच्या मध्यस्थीने, मोठ्या रकमेच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी सईबाईंनी राजगडावर अखेरचा श्वास घेतला. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेले संभाजीराजे त्या वेळी जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते, आणि त्यांना कापूरहोळच्या धाराऊ या दूधआईचा आधार होता. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबर रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. मराठी वाचक प्रतापगडाचा प्रसंग पाठ केल्यासारखा जाणतो, परंतु त्या भेटीला निघालेला राजा नुकताच विधुर झालेला होता, त्याच्या घरात आई गमावलेल्या तीन मुली आणि एक तान्हे मूल होते, आणि त्याचा मेहुणा शत्रूच्या तावडीतून कसाबसा सुटला होता, या गोष्टी त्या प्रसंगाच्या शेजारी क्वचितच ठेवल्या जातात. त्या शेजारी ठेवल्या की पराक्रम तसूभरही कमी होत नाही, उलट तो माणसाचा पराक्रम वाटू लागतो.

राजघराण्यातील इतर मुलांची उदाहरणेही हाताशी आहेत. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ मध्ये, आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झा राजे जयसिंगाच्या छावणीत जावे लागले आणि पुढच्याच वर्षी ते वडिलांबरोबर आग्र्याला गेले. शाहू महाराज १६८९ मध्ये आई येसूबाईंसह मुघलांच्या कैदेत गेले तेव्हा सात वर्षांचे होते आणि सुटले तेव्हा पंचविशीत आलेले होते, तर येसूबाईंना परत यायला १७१९ उजाडले. छावणीच्या कनातीत वाढलेल्या या राजपुत्राचे किशोरवय हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

फलटणकडे परत वळले तर सखूबाईंच्या आयुष्यातील एक क्षण कादंबरीकाराला खिळवून ठेवील. पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांना मुघलांच्या बाजूने आदिलशाहीविरुद्ध लढणे भाग पडले, आणि १६६५ च्या डिसेंबरात त्यांच्या फौजेने फलटण आणि जवळचा ताथवड्याचा किल्ला घेतला. म्हणजे ज्या गावात महाराजांच्या आजीचे माहेर, ज्या गावची त्यांची दिवंगत पत्नी, ज्या घरात त्यांची लेक सून म्हणून नांदत होती, त्याच गावावर त्यांची निशाणे चालून आली. वडिलांचे सैन्य सासरच्या वेशीशी आले असता त्या घरातील किशोरवयीन सुनेने कोणाच्या विजयाची प्रार्थना करायची? सासऱ्यांपुढे तिने कसे वागायचे, दासी तिच्याकडे कशा नजरेने पाहत असतील, आणि रात्री पतीशी ती काय बोलली असेल? येथे उत्तरे देणारा कागद नाही, पण प्रश्न मात्र पूर्णपणे ऐतिहासिक आहेत, आणि निष्ठा म्हणजे काय हे एवढ्या थेटपणे कुमारवाचकापुढे मांडणारा प्रसंग शोधूनही लवकर सापडणार नाही.

अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याला भूगोलापासून सावध राहावे लागेल. आज फलटणभोवती दिसणारा ऊस विसाव्या शतकात नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्याने आणलेला आहे. सखूबाईंच्या काळातील हा मुलूख पावसावर डोळे लावून बसणारा, ज्वारी-बाजरीचा, दुष्काळाची सवय असलेला होता, आणि दक्षिणेला माणदेशाच्या उघड्या माळांची सुरुवात होत होती. उपासाच्या दिवशी तिच्या ताटात साबुदाण्याची खिचडी वाढता येणार नाही आणि पाहुण्यापुढे चहा ठेवता येणार नाही. भाषेचेही तसेच. त्या काळच्या मराठी पत्रांत फारसी शब्द इतके मुरलेले होते की राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेऊन कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले; तेव्हा १६६५ च्या फलटणच्या वाड्यातील माणसे शुद्ध संस्कृतप्रचुर मराठीत संवाद करताना दाखवणे म्हणजे त्यांच्या तोंडी नंतरच्या काळाची भाषा घालणे होय. पात्रांना सरसकट बखरीच्या बोलीत बोलायला लावले तर मात्र आजचे मूल दुसऱ्या पानावरच पुस्तक मिटवील. साध्या, घरगुती मराठीत संवाद ठेवून खलिता, शिबंदी, मोईन, कनात असे नेमके शब्द संदर्भाने उलगडतील अशा जागी पेरणे हा मध्यम मार्ग अधिक टिकाऊ आहे.

कुशमन यांच्या पुस्तकाच्या अखेरीस लेखिकेचे टिपण आहे, आणि ‘रॉयल डायरीज’मध्येही गोष्ट संपल्यावर ऐतिहासिक माहिती आणि वंशावळ दिलेली असते, ज्यामुळे वाचकाला खरे किती आणि रचलेले किती हे समजते. मराठी प्रकाशकांनी ही पद्धत कुमारांच्या प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीसाठी आवर्जून स्वीकारावी. फलटणवरील कादंबरीच्या शेवटच्या चार पानांत उमाबाई, सईबाई आणि सखूबाई यांची वंशावळ, निंबळक, ताथवडा, शिखर शिंगणापूर आणि राजगड दाखवणारा एक नकाशा, आणि कोणता प्रसंग कागदांतून आला, कोणता परंपरेतून आणि कोणता लेखकाच्या मनातून, याचा प्रामाणिक खुलासा एवढे जरी असले, तरी पुस्तक वाचून उठलेले मूल पुढच्या सुट्टीत राजगडाच्या पद्मावती माचीवर सईबाईंची म्हणून दाखवली जाणारी समाधी पाहायला जाईल तेव्हा तेथे काय पाहायचे हे त्याला ठाऊक असेल.